बोलका किरण

मंडळी, दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर आणि ट्रका भरून माणसे ऊसतोडीला निघतात. कोणी सांगलीकडे, कोणी कोल्हापूरकडे, कोणी पार कर्नाटकात. गावात मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे. पूर्वी फडावरून खुशालीचे कार्ड यायला आठ-आठ दिवस लागत, आणि ते वाचून दाखविण्याचे काम आम्हा मास्तरांकडे असे. आता रात्री भाकरी झाली की कोपीतून फोन येतो. "जेवलास का रं?" एवढेच विचारायचे असते. पण ते ऐकल्याशिवाय पोर झोपत नाही.

तो आवाज कोपीपासून गावापर्यंत येतो कसा, हे कधी मनात आले आहे का? बहुतेक जण म्हणतील, टॉवरवरून, हवेतून. ते अर्धेच खरे. कोपीपासून तिथल्या टॉवरपर्यंत तो हवेतून जातो, आणि आपल्या टॉवरपासून पोराच्या कानापर्यंत पुन्हा हवेतून येतो. मधली शेकडो किलोमीटरांची मजल तो बहुतेक करून जमिनीखालून मारतो. तीही विजेच्या रूपात नव्हे, उजेडाच्या रूपात. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून लेसरचा उजेड धावत असतो आणि त्या उजेडाच्या पाठीवर आईचा आवाज बसलेला असतो.

उजेडावर आवाज चढवून धाडण्याची ही युक्ती कालपरवाची नाही. टेलिफोनपेक्षा ती अवघ्या चार वर्षांनी धाकटी आहे. आणि गंमत अशी की तिला खर्चही फारसा नाही. एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात ती करून पाहता येते. मग ती एवढी वर्षे होती कुठे? माझे म्हणणे असे की बोलका किरण केव्हाच तयार होता, त्याला चालायला वाट मात्र नव्हती. तीच हकीकत आज सांगायची आहे. मध्ये थोडे करून पाहण्यासारखेही आहे, तेव्हा गुरुजींनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी.

आधी उजेडावर आवाज चढविणे म्हणजे काय ते पाहू. तुम्ही रानात दारे धरून उभे आहात. पाट संथ वाहतो आहे. वरच्या अंगाला कोणी फळी थोडी उचलली, थोडी दाबली, तर तुम्हाला कोणी हाक न मारताही पाणी वाढल्या-घटल्याचे कळते. आता ती फळी हलविणाऱ्याने आपल्या बोलण्याच्या तालावर हलविली असे समजा. बोलणे म्हणजे तरी काय, हवेचा थरकाप. सेकंदाला शंभरापासून काही हजार वेळा होणारा. तेवढ्याच वेगाने पाणी कमी-जास्त झाले, तर पाण्यात बोलणे उतरले म्हणायचे. हातांना हे साधणार नाही, हे उघड आहे. पण पाण्याऐवजी वीज, रेडिओची लहर किंवा उजेड घेतला की साधते. यालाच इंग्रजीत मॉड्युलेशन म्हणतात. आपला मध्यम लहरींचा रेडिओ याच तत्त्वावर चालत आला. केंद्रावरून एकसारखी लहर निघते आणि बोलणाऱ्याचा आवाज तिचा जोर कमी-जास्त करतो.

उजेडाने निरोप धाडण्याचा एक धडा तर आपल्याच उपखंडात गिरवला गेला. अंबाजोगाईला जुनी माणसे मोमिनाबाद म्हणत. निजामाच्या राजवटीत तिथे हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली ती फौज हिंदी लष्करात मिळविण्यात आली. त्या काळच्या लष्करांकडे हेलिओग्राफ नावाचे एक यंत्र असे. तिवईवर बसविलेला गोल आरसा, बस्स. कराचीला इराणी आखाताच्या तारखात्यात काम करणाऱ्या हेन्री मॅन्स या गृहस्थांनी ते १८६९ च्या सुमारास बनविले. आरशावर ऊन घ्यायचे, समोरच्या डोंगरावर कवडसा पाडायचा आणि खटका दाबून आरसा किंचित कलता करायचा. लांब चमक, आखूड चमक. झाली तारेची भाषा. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात त्याचा फार उपयोग झाला. पुढे १८९४ साली अमेरिकेत दोन डोंगरशिखरांमध्ये, आठ इंची आरशांनी, सुमारे २९५ किलोमीटरांवर निरोप गेला. बीडपासून मुंबई सरळ रेषेत साधारण तेवढीच आहे. ना तार, ना बॅटरी. वीतभर आरसा आणि वर सूर्य. उन्हाला तर आपल्याकडे कधी तोटा नव्हता.

पण हेलिओग्राफ बोलत नाही. त्याची गत हलगीसारखी. हलगी वाजली की दवंडी आली हे कळते, ठेक्यावरून काय प्रकार आहे तेही जाणत्याला कळते. पण दवंडीवाल्याचा गळा काही हलगीतून ऐकू येत नाही. आवाज जसाच्या तसा जायचा तर दोन गोष्टी हव्या होत्या. बोलण्याच्या तालावर थरथरणारा आरसा ही एक, आणि उजेडाची थरथर ओळखून तिची पुन्हा विजेत भाषा करणारा डोळा ही दुसरी.

दुसरी गोष्ट आधी सापडली, आणि सापडली तीही चुकून. १८७३ साली इंग्लंडात विलोबी स्मिथ हे समुद्राखालच्या तारांच्या परीक्षेसाठी सेलेनियम या मूलद्रव्याच्या कांड्या वापरीत होते. कांड्यांचे माप काही एकसारखे येईना. शोध घेता घेता कळले की उजेड पडला की कांडीतून वीज जास्त वाहते, अंधार केला की कमी. मापाच्या कामाला ती कांडी बाद झाली, आणि जगाला विजेचा डोळा मिळाला.

पहिली गोष्ट केली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी. टेलिफोनचे जनक म्हणून त्यांचे नाव मुलांच्या पुस्तकात असतेच. १८७६ चा टेलिफोन त्यांना पुरा वाटला नाही, कारण त्याला तार लागते. १८८० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन शहरी, सम्नर टेंटर या आपल्या मदतनिसाबरोबर, त्यांनी प्रकाशावर बोलणे चढवून दाखविले. युक्ती इतकी साधी की ऐकून हसू यावे. चांदीचा मुलामा दिलेला पातळ, लवचीक आरसा घ्यायचा. त्याच्या तोंडावर ऊन पाडायचे आणि पाठीमागून नळीतून बोलायचे. आवाजाने आरसा किंचित फुगतो, किंचित खोल जातो. फुगला की परतलेला कवडसा पसरतो आणि फिका होतो. खोल गेला की गोळा होतो आणि तेज होतो. पलीकडे मोठ्या खोलगट आरशाने तो कवडसा सेलेनियमवर गोळा केला की झाले. त्याच वर्षी टेंटर एका शाळेच्या गच्चीवर उभे राहिले आणि बेल २१३ मीटरांवरच्या आपल्या प्रयोगशाळेत. टेंटरनी आरशामागून सांगितले की ऐकू येत असेल तर खिडकीशी येऊन टोपी हलवा. बेल खिडकीशी आले आणि त्यांनी टोपी हलवली.

हे अंतर म्हणजे वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंतचे. पण तारेवाचून माणसाचा आवाज गेला, आणि गेला तो उन्हावरून. बोलणाऱ्याच्या बाजूला तर विजेचे नावही नव्हते. पुढे बेल आणि टेंटर यांना असेही आढळले की थरथरता उजेड काजळीवर पडला तर काजळीच आवाज करते; मग ऐकणाऱ्याच्या बाजूलाही वीज नको, काजळी धरलेल्या नळीला कान लावला की पुरे. बेलना याचा आनंद इतका झाला की नुकत्याच जन्मलेल्या मुलीचे नाव या यंत्रावरून फोटोफोन ठेवावे असे त्यांच्या मनात होते म्हणतात. बायकोने ऐकले नाही, हे त्या मुलीचे नशीब! टेलिफोनपेक्षाही हा शोध मोठा, असे बेल आयुष्याच्या अखेरीपर्यंत मानीत.

जगाने मात्र तसे मानले नाही. मध्ये झाड आले, किरण थांबला. ढग आला, बोलणे बुडाले. धुके, पाऊस, धूळ, रात्र, सगळेच वैरी. १८८२ साली मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, ते तारेचे. तारेला ढगाची भीती नव्हती. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत मार्कोनी यांची बिनतारी आली; तिला डोंगरही आडवा येईना. जर्मनीत एर्न्स्ट रूमर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आर्कच्या झगझगीत दिव्यावर आवाज चढवून बर्लिनजवळच्या सरोवरावर काही किलोमीटर बोलून दाखविले, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजेने प्रकाशावर बोलणारी यंत्रे वापरली, कारण किरण चोरून ऐकणे अवघड. बाकी ही विद्या कपाटातच पडून राहिली. तिच्यात खोट नव्हती. उजेडाला डोक्यावर छप्पर असलेली वाट नव्हती, एवढेच.

आता वर्षे गाळून १९६० ला येऊ. त्या वर्षी १६ मे रोजी अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. बॅटरीचा झोत पुढे पुढे पसरत जातो. लेसरचा किरण दूरवर गेला तरी फारसा पसरत नाही, आणि त्याचा रंगही अगदी एकच असतो. पण आपल्या हकीकतीत त्याहून मोठे वर्ष आहे १९६२. त्या साली गॅलियम आर्सेनाइड या पदार्थाच्या बारीकशा खड्यातून लेसर निघाला. माणकाच्या लेसरला झगझगीत दिव्याचा मारा लागे. या खड्याला नुसता विजेचा प्रवाह पुरे. प्रवाह वाढवला की उजेड वाढतो, घटवला की घटतो. म्हणजे बेलचा थरथरता आरसाही नको! आवाजाची वीज सरळ खड्यात सोडली की किरण बोलू लागतो. मॉड्युलेशन गरिबाच्या आवाक्यात आले ते इथे. अर्थात सुरुवातीचे खडे कमालीच्या थंडीत ठेवावे लागत. साध्या हवेत ते अखंड चालू लागायला १९७० उजाडले.

आणि आपला देश याबाबतीत झोपलेला नव्हता. मुंबईत ट्रॉम्बे येथे अणुशक्ती प्रतिष्ठान होते, ज्याला १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी साठच्या दशकाच्या मध्यास गॅलियम आर्सेनाइडचा लेसर स्वतः बनविला. नुसता बनवून ते थांबले नाहीत. ट्रॉम्बेपासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत, पंधरा-वीस किलोमीटर, त्या किरणावरून त्यांनी संदेश धाडून दाखविला. पहिल्या लेसरला पाच-सहा वर्षे झाली होती फक्त. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट सापडत नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते. मुलांना बेलची टोपी ठाऊक असावी आणि ट्रॉम्बेचा खडा ठाऊक नसावा, हे बरे नव्हे.

पण वाटेचा प्रश्न होताच. मुंबईचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की उघड्यावरच्या किरणाचे श्रावणात काय होते.

आता थोडे थांबून आपल्या शाळेत येऊ. निवृत्तीच्या आदल्या वर्षी सातवीच्या मुलांना घेऊन मी हा सगळा खेळ मांडला होता. बेलपासूनच सुरुवात केली. साडीच्या दुकानातली पुठ्ठ्याची नळी घेतली, तिच्या एका तोंडावर फुगा कापून ताणून बसविला. फुग्यावर चिकटवायला पातळ, हलका आरसा हवा होता. घरचा आरसा फोडला तर जड तुकडे पडतात. तांड्यावरच्या एका मुलीने आजीच्या जुन्या घागऱ्यावरच्या आरशाच्या टिकल्या आणल्या. नखाएवढ्या, कागदासारख्या. बेलना मिळाला असता तर त्यांनीही तोच आरसा घेतला असता! सेलेनियमच्या जागी बागेतल्या मोडक्या सौरदिव्याची काळी पट्टी घेतली आणि तिच्या दोन तारा वायरने चालणाऱ्या लहान स्पीकरच्या पिनेला जोडल्या. सौरपट्टीला बॅटरी लागत नाही. उजेड थरथरला की तिची वीज आपोआप थरथरते.

पहिल्या दिवशी काहीच ऐकू आले नाही. किरणासमोरून हात फिरवला की स्पीकरमधून 'टक' होई, तेवढेच. पट्टी वर्गात नेली तेव्हा मात्र ती एकसारखी गुणगुणू लागली. मुले म्हणाली, गुरुजी, भुंगा शिरला. भुंगा नव्हे, ती वर्गातली ट्यूब होती. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. डोळ्याला ते दिसत नाही, पट्टीला दिसते. म्हणजे सरकारी ट्यूबसुद्धा उजेडावर आवाज चढवीत होती, आणि आम्ही इतकी वर्षे तिच्याखाली बसून पाढे म्हणत होतो.

मग चूक उमगली. उघड्या उन्हात पट्टी दिपून जाते. भर बाजारात कुजबूज ऐकू येत नाही तसे. तिच्यावर काळ्या कागदाची हातभर नळी बसविली, पट्टी सावलीत ठेवली आणि फक्त आमचा कवडसा आत जाईल असे केले. नळीत तोंड घालून एका पोराने मोठ्याने पाढा म्हटला. स्पीकरमधून आधी नुसती लय आली, शब्द नाही. कवडसा पट्टीच्या मधोमध न पाडता काठावर अर्धा आत, अर्धा बाहेर असा पाडला, तेव्हा शब्द आले. कारण आरसा हलला की उजेडाचा ठिपकाही सरकतो, आणि काठावर सरकला तर पट्टीवरचा उजेड जास्त बदलतो. ही काठाची खुबी गुरुजींनी लिहून घ्यावी, नाहीतर दिवस फुकट जाईल.

उन्हाची एक अडचण म्हणजे सूर्य चालतो. दर दोन-तीन मिनिटांनी नळी फिरवावी लागते. म्हणून दुसऱ्या आठवड्यात बाजारातला लाल लेसर दिवा आणला. शंभराच्या नोटेत मिळतो. तो विटेवर टेकवून त्याचा किरण त्याच आरशाच्या टिकलीवर पाडला आणि परतलेला ठिपका व्हरांड्याच्या टोकाच्या पट्टीवर घेतला. लेसर दिवा न उघडता, एकही तार न तोडता किरण बोलला. ज्यांना डाग द्यायची कढई धरता येत नाही अशा शाळांसाठी हीच रीत उत्तम.

पुढची रीत थोडी कसबाची. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जुन्या ट्रान्झिस्टरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर भंगारात मिळतो. त्याच्या कमी वेढ्यांच्या तारा रेडिओच्या इयरफोनच्या भोकाला जोडायच्या. जास्त वेढ्यांची बाजू लेसर दिवा आणि त्याचे सेल यांच्या मधोमध घालायची, म्हणजे सेलचा प्रवाह त्या वेढ्यांतूनच लेसरला जाईल. रेडिओचा आवाज आता त्या प्रवाहाला चढ-उतार देतो. इथे पाटाचीच काळजी घ्यायची. पाणी बांधावरून जाऊ नये आणि पाटाचा तळही उघडा पडू नये. प्रवाह एका मर्यादेखाली गेला की लेसर विझतो आणि बोलणे तुटक होते. वरच्या मर्यादेपलीकडे गेला की खडा क्षणात जळतो. आमचा पहिला लेसर असाच गेला, कारण एका उत्साही पोराने रेडिओचा कान पूर्ण पिळला. आवाज अगदी बारीक ठेवून सुरुवात करावी. काही दिव्यांत प्रवाह सारखा ठेवणारी जोडणी आधीच असते, त्यांवर आवाज नीट चढत नाही. साधा, स्वस्त दिवा इथे महागड्यापेक्षा कामाचा.

दुसरा लेसर आणला. त्या दिवशी सांजच्याला शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला रेडिओ आणि लेसर, दुसऱ्या टोकाला पट्टी आणि स्पीकर. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या होत्या. मध्ये काही नाही, नुसता लाल ठिपका. आणि पलीकडून निवेदकाचा आवाज स्वच्छ. एक पोर किरणाच्या आड उभे राही, बातम्या बंद. बाजूला होई, बातम्या सुरू. वाटेचा प्रश्न काय असतो तो मुलांना यापेक्षा वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. लेसरचा किरण कोणाच्याही डोळ्यात जाता कामा नये, स्वतःच्याही नाही. बाजारातल्या दिव्यांवर लिहिलेल्या आकड्यांवर विसंबू नका. जोर पुष्कळदा जास्त असतो. हिरवा लेसर शाळेत आणूच नका. किरण कमरेखालच्या उंचीवर, विटांवर पक्का ठेवून, शेवटी भिंत येईल असा धरावा. भिंग, चकचकीत भांडी दूर ठेवावीत. रस्त्यावरच्या गाडीवर तो रोखू नये. आणि आरशाच्या नळीतून सूर्याकडे पाहण्याचा मोह मुलांना होतो, तिथे गुरुजींनी स्वतः उभे राहावे.

तर वाटेकडे वळू. बीडची खजाना बावडी तुम्ही पाहिली असेल. निजामशाहीच्या काळी सोळाव्या शतकात सलाबतखानाने ती बांधविली. विहिरीतले पाणी मोटेने उपसायचे नाही. भुयारी पाटाने ते आपल्या उताराने दूर बलगुजरच्या रानात जाते. वर ऊन तापो की दुष्काळ पडो, आतले पाणी आपल्या वाटेने चालते. उजेडाला असेच भुयार हवे होते. तसे होऊ शकते याची चुणूक १८४० च्या आसपास जिनिव्हाच्या कोलाडों यांनी दाखविली होती: पाण्याच्या वाकत्या धारेत सोडलेला उजेड धारेबरोबर वाकत जातो. हेही करून पाहा. प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडा, पाणी भरा आणि मागच्या बाजूने लेसर त्या भोकावर रोखा. धार जिथे पडेल तिथे, तळहातावर, लाल थेंब चमकतो. उजेड धारेच्या कडांवर आतल्या आत आपटत जातो, बाहेर निसटत नाही.

पाण्याऐवजी काचेचा तंतू घेतला तर? घेऊन पाहिला होता. पण काच स्वच्छ नव्हती. खिडकीची काच कडेने पाहा, हिरवट अंधार दिसतो. १९६६ साली इंग्लंडात काम करणारे चार्ल्स काओ यांनी हिशेब मांडला की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. मळ काढा, उजेड मैलोगणती जाईल. १९७० साली अमेरिकेत असा तंतू निघाला की एका किलोमीटरनंतर शंभरातला एक-दोन भाग उजेड शिल्लक राही. ऐकायला थोडे वाटते, पण तेवढ्यावर सगळे फिरले. आजच्या तंतूत तोच शंभरातला एक भाग शंभर किलोमीटरनंतर उरतो. म्हणजे बेलच्या २१३ मीटरांना छप्पर मिळाले आणि ढगांचे भांडण संपले.

भारतात टेलिफोनच्या कामी असा काचतंतू पहिल्यांदा टाकला गेला तो आपल्या पुण्यात, १९७९ साली, शहरातल्या एक्स्चेंजांना जोडण्यासाठी. त्यानंतर देशभर चर खोदले गेले. आज शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वाळूज आणि शेंद्रा इथे, हा तंतू बनविणारे कारखाने आहेत. २०११ साली सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना मंजूर केली, तिला पुढे भारतनेट नाव मिळाले. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की गावाचे तोंड बंद होते, हे तुम्ही अनुभवले असेलच. छप्पर आहे, पण राखण नाही, असा तो प्रकार.

एक गंमत राहिली. आजच्या तंतूत आवाज बेलच्या रीतीने, कमी-जास्त होत जात नाही. आधी त्याचे आकडे करतात आणि ते आकडे 'चमक आहे, चमक नाही' अशा ठिपक्यांनी धाडतात, सेकंदाला अब्जावधी. म्हणजे तत्त्व मॅन्सच्या आरशाचेच, आणि गळा मात्र आईचा.

मैदानातल्या त्या प्रयोगानंतर आरशाच्या टिकल्या आणणाऱ्या मुलीने विचारले, "गुरुजी, आमच्या आईचा फोन पण असाच येतो का?" तिचे आईवडील तेव्हा सांगलीकडे फडावर होते. मी मुलांना घेऊन रस्त्यावर गेलो. कडेला, बाभळीखाली, केबलच्या खुणेचा दगड होता. खाली केबल आहे, खोदू नये, असे त्यावर लिहिलेले. ह्याच्याखालून, मी म्हणालो. ती वाकली आणि तिने दगडाला कान लावला. इथे काही ऐकू येत नाही, हे मी तिला सांगितले. तरी ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, आणि मग बाकीची पोरेही एकेक करून कान लावू लागली.